पुनर्मुद्रण जरूर घ्या, पण आधी कोष्टक उघडून बघा

प्रति,
ग्रंथखरेदी समित्यांचे सदस्य व ग्रंथपाल,
गोव्यातील सर्व महाविद्यालये

सन्माननीय सदस्यहो,

जून उजाडला की आपल्या कॉलेजांत दोन गोष्टी एकदम सुरू होतात, छपराची गळती आणि पुस्तकांची खरेदी. गळतीबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. मी खरेदीबद्दल लिहितो, आणि तेही तिच्या एका छोट्या कोपऱ्याबद्दल: संख्याशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांची जी नवी पुनर्मुद्रणं विक्रेत्यांच्या याद्यांत दिसू लागली आहेत, त्यांच्याबद्दल.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर संख्याशास्त्र वाणिज्य आणि गणिताच्या वर्गांपुरतं राहिलेलं नाही. मानसशास्त्राची मुलगी, भूगोलाचा मुलगा, प्राणिशास्त्रवाले, सगळ्यांनाच आता ते थोडंफार लागतं. हे विक्रेत्यांनी आपल्याआधी ओळखलं. कापडी बांधणी, कण्यावर सोनेरी अक्षरं, वर ‘अभिजात ग्रंथ’ अशी पट्टी, आणि आत १९०१ चा बाउली, १९११ चा यूल, १९२५ चा फिशर. कोटेशनवर सवलतही घसघशीत. समितीच्या बैठकीत अशा पुस्तकाला कोण नाही म्हणणार? नावं एवढी मोठी आहेत की आत काय छापलंय ते उघडून बघायला संकोच वाटावा.

माझा या पुस्तकांना विरोध नाही. मला ती आवडतात, आणि का आवडतात ते आधी सांगतो. आपल्याकडे संख्याशास्त्राची जी गाइडं चालतात त्यांत आधी व्याख्या, मग सूत्र, मग मागच्या पेपरांतली सोडवलेली गणितं. मुलाला सूत्र पाठ होतं, पण समोर आकड्यांचा ढीग टाकला की हात कुठे घालायचा ते कळत नाही. जुने लेखक त्या ढिगापासूनच सुरुवात करतात. संगणक नव्हता, म्हणून उदाहरणं आटोपशीर निवडलेली आणि सगळे आकडे पानावर मांडलेले. गृहीतमध्य धरा, विचलनं काढा, वर्ग करा, बेरजा ताडून बघा आणि मगच पुढे चला. असं हातानं काम करताना एखादा आकडा बाकीच्यांपासून फटकून असला तर तो तिथल्या तिथे डोळ्यांत खुपतो. एक्सेलमध्ये तोच आकडा मुकाट्यानं सरासरीत जाऊन बसतो.

यूल यांच्या पुस्तकाचा पहिला भाग तर सरासरीचा नाहीच. तो गुणधर्मांचा आहे: अमुक गोष्ट आहे की नाही, तमुक आहे की नाही, नुसती वर्गवारी आणि मोजणी. आपल्या अभ्यासक्रमांत हा भाग असलाच तर शेवटी, परीक्षा तोंडावर आल्यावर उरकायचा. गोव्यातल्या मुलाला मात्र पहिल्या दिवशी हेच द्यावं. वाड्यावर जा आणि बंद घरं मोजून ये, म्हणावं. एका घराचा मालक आखातात, पुढच्या दाराला कुलूप, पण म्हातारी आई मागच्या खोलीत राहते. दुसरं घर फक्त चवथीला उघडतं. तिसरं वाटण्यांच्या खटल्यात अडकलेलं, वासे खाली आलेले. चौथं कुणा दिल्लीवाल्यानं घेतलेलं, त्यात डिसेंबरात दिवे लागतात. यांतली बंद किती? शंभर घरांच्या वाड्यावर दोन मुलं पाठवली तर दोन आकडे येतील, आणि दोघांनीही प्रामाणिकपणे मोजलेलं असेल. जनगणनेतल्या किंवा पंचायतीच्या अहवालातल्या टक्केवारीकडे तो मुलगा त्यानंतर वेगळ्या नजरेनं बघेल. सरासरी त्याला पुढच्या आठवड्यात शिकवली तरी काही बिघडत नाही.

आता तुम्हाला विकलं काय जातं ते बघू.

ही पुस्तकं छापायला आज कुणाची परवानगी लागत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखक वारला की त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. यूल १९५१ साली गेले, बाउली १९५७ साली आणि फिशर १९६२ साली, म्हणजे फिशर यांचं पुस्तकही भारतात २०२३ पासून मोकळं झालं. (यूल यांच्या पुस्तकाला १९३७ च्या आवृत्तीपासून मॉरिस केंडल हे सहलेखक मिळाले. ते १९८३ साली वारले, तेव्हा त्या जोडनावाच्या आवृत्त्या अजून मोकळ्या नाहीत. यादीत दोन्ही नावं दिसली तर विक्रेत्याकडे परवाना मागा.) हक्क सुटला की कुणीही उठावं, कुठलासा स्कॅन उतरवून घ्यावा आणि मागणी येईल तशी एकेक प्रत छापून द्यावी. यात बेकायदा काही नाही. मात्र स्कॅन आणि छपाई यांच्या मध्ये ते पान एकदा तरी वाचणारा माणूस कुठेच नसतो.

कादंबरीत एखादं अक्षर पुसट आलं तर वाचक ते अंदाजानं लावून घेतो. कोष्टकात अंदाजाला जागा नाही. माझ्यासमोर अशी एक प्रत आहे. प्रकाशकाचं नाव घेत नाही, कारण दोष पद्धतीचा आहे. तिच्यातलं टी-कोष्टक उघडतो. (दोन सरासऱ्यांमधला फरक निव्वळ योगायोगाचा नाही असं म्हणायला आपण काढलेला ‘टी’ यातल्या आकड्याहून मोठा यावा लागतो.) पाच टक्क्यांच्या स्तंभात ८ पासून १२ पर्यंतच्या ओळींत असायला हवं ते असं: २.३०६, २.२६२, २.२२८, २.२०१, २.१७९. माझ्या प्रतीत मधला आकडा २.२२८ वाचावा की २.२२३ हे भिंगाखालीही ठरत नाही. इंग्रजी ८ ची डावी बाजू स्कॅनमध्ये उडालेली आहे. आकडे वरून खाली उतरत गेले पाहिजेत, एवढ्यावर तपासायला जाल तर फसाल, कारण २.२२३ देखील वरच्या आणि खालच्या आकड्यांच्या मध्ये व्यवस्थित बसतो. लागोपाठचे फरक काढून बघा. बरोबर कोष्टकात ते ०.०४४, ०.०३४, ०.०२७, ०.०२२ असे हळूहळू आवरत येतात. २.२२३ धरला तर ०.०४४, ०.०३९, ०.०२२, ०.०२२. उतार मध्येच अडखळतो, आणि चूक तिथेच सापडते.

एवढ्याशा फरकानं काय होतं, असं कुणी विचारेल. विद्यार्थ्याचा टी २.२२५ आला तर एका वाचनानं त्याचा निष्कर्ष ‘फरक लक्षणीय’ आणि दुसऱ्यानं ‘लक्षणीय नाही’. पाच टक्क्यांच्या रेषेला एवढा मान देऊ नये हे मलाही मान्य आहे. पण परीक्षेत गुण त्याच रेषेवर मिळतात.

वारंवारता सारण्यांचं त्या मानानं बरं असतं. तिथे ओळींच्या आणि स्तंभांच्या बेरजा शेवटी दिलेल्या असतात, त्यामुळे एखादा रकाना पुसट असला तरी वजाबाकी करून तो परत मिळवता येतो. वर्गात मुद्दाम द्यावा असा हा अभ्यास आहे: पुसट पान पुढे ठेवायचं आणि सांगायचं, हरवलेला आकडा शोधा. मुलं यात रमतात. तेव्हा पुसट प्रत अगदीच फुकट जात नाही, पण ती पूर्ण किंमत देऊन का घ्यायची?

कोष्टक स्वच्छ असलं तरी आणखी एक फास आहे. फिशर यांच्या कोष्टकात ओळींच्या डोक्यावर जो ‘एन’ असतो, तो नमुन्यातल्या नगांचा आकडा नव्हे, ती डिग्रीज ऑफ फ्रीडम, इथे नगांपेक्षा एकानं कमी. वर्गात आम्ही ‘एन’ म्हणजे नमुन्याचा आकार असं घोकून घेतो. दहा रोपांची उंची मोजलेला मुलगा सरळ १० च्या ओळीत जाऊन २.२२८ उचलतो, आणि त्याला हवा असतो ९ च्या ओळीतला २.२६२. तसंच त्या काळच्या पुष्कळ पुस्तकांत सरासरीपुढे अधिक-उणे लावून येतो तो आकडा संभाव्य त्रुटीचा, म्हणजे आजच्या प्रमाण त्रुटीच्या (सरासरीचा अंदाज किती डळमळीत आहे ते सांगणाऱ्या मापाच्या) ०.६७४५ पट. तीच प्रमाण त्रुटी समजून मुलगा पुढे गेला तर त्याचा अंदाज आहे त्यापेक्षा बराच नेमका असल्याचा भास होतो. पुस्तकाच्या सुरुवातीला चार ओळींची टीप असती तर हे दोन्ही टळलं असतं. ती टीप लिहायला कुणी नेमलेलंच नसतं.

आवृत्तीचंही तेच. ‘फिशर, १९२५’ एवढ्यावर मागणी नोंदवू नका. या पुस्तकाच्या आवृत्त्या फिशर हयात असेपर्यंत वाढत, बदलत गेल्या. छोट्या नमुन्याच्या दोन-बाय-दोन सारणीसाठी आज सगळीकडे वापरतात ती त्यांची अचूक कसोटी पहिल्या आवृत्तीत नाही, ती १९३४ च्या आवृत्तीत आली. आणि ती कसोटी समजावण्यासाठी तिथे जे उदाहरण दिलं आहे, त्यापाशी मला तुम्हाला जरा थांबवायचं आहे.

उदाहरण आहे शिक्षा झालेल्या गुन्हेगारांच्या जुळ्या भावंडांचं. आकडे योहानेस लांगे या जर्मन मनोविकारतज्ज्ञाचे. एकबीज जुळ्यांच्या १३ जोड्यांपैकी १० जोड्यांत दुसऱ्या भावंडालाही शिक्षा झालेली, द्विबीज जुळ्यांच्या १७ जोड्यांपैकी २ जोड्यांत. निव्वळ योगायोगानं असं घडण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी निघते. गणित चोख आहे, शिकवायला सुंदर आहे. पण हे आकडे रक्तातून गुन्हेगारी उतरते हे सांगण्यासाठी गोळा केलेले होते, आणि फिशर स्वतः १९३३ पासून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सुप्रजननशास्त्राचे, म्हणजे माणसांची ‘चांगली’ पैदास वाढवू पाहणाऱ्या यूजेनिक्सचे, प्राध्यापक होते. त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजानं २०२० साली आपल्या इमारतींवरून याच विचाराचे पुरस्कर्ते गॉल्टन आणि कार्ल पिअरसन यांची नावं उतरवली, आणि त्याच वर्षी केंब्रिजमधल्या फिशर यांच्या कॉलेजानं त्यांच्या स्मरणार्थ बसवलेली काचेची खिडकी काढली. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ च्या कायद्यानं आख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या गेल्या होत्या, त्या विमुक्त झाल्या १९५२ साली. त्या घरांतली मुलं आज आपल्या वर्गात बसतात. त्यांच्या हातात हे पान कुठल्याही प्रस्तावनेशिवाय, सोनेरी अक्षरांच्या बांधणीत द्यायचं?

पान फाडा असं मी म्हणत नाही. वर्गात ते उघडून वाचावं. तीस जोड्या कुठून निवडल्या, कुणी निवडल्या, चेहऱ्यानं हुबेहूब आणि एकाच घरात वाढलेल्या भावांना पोलीसही सारखेच वागवणार नाहीत का, असे प्रश्न विचारायला याहून चांगलं पान मिळणं कठीण. पण प्रश्न विचारायला शिकवणारं कुणीतरी त्या पानाच्या आधी उभं हवं. पुनर्मुद्रणात ते काम प्रस्तावनेचं असतं.

म्हणून माझी पहिली विनंती साधी आहे. नवी प्रत मागवण्याआधी आपल्याच तळघरात, माळ्यावर, बंद कपाटांत बघा. साठच्या दशकात गोव्यात कॉलेजं निघाली तेव्हाची खरेदी दाखल नोंदवहीत तपासा. त्या काळातला मूळ छापाचा यूल कुठेतरी बुरशी खात पडलेला असण्याची दाट शक्यता आहे, आणि बुरशी पुसलेली मूळ प्रत स्कॅनवरून छापलेल्या कोऱ्या प्रतीपेक्षा नेहमीच जास्त वाचनीय असते. दर पावसाळ्यानंतर ‘जीर्ण’ असा शेरा मारून जी पुस्तकं बाद होतात, त्यांच्या यादीवर सही करण्याआधी संख्याशास्त्राच्या शिक्षकाला एकदा बोलवा. त्याला त्या गठ्ठ्यात काय आहे ते कळेल.

आणि नवं घ्यायचंच ठरलं, तर नमुना प्रत मागा. आवृत्ती कुठली ते लेखी घ्या. मग टी-कोष्टकातली दहावी ओळ, काय-वर्ग (काय-स्क्वेअर) कोष्टकातली पहिली ओळ (पाच टक्क्यांना ३.८४१ हवा) आणि घडी घालून लावलेले मोठे तक्ते बघा. स्कॅन करणारा घाईत असला की घडी न उलगडताच पुढे जातो, आणि तक्त्याच्या जागी कागदाची पाठ छापून येते. तपासायला एक चहा होईल एवढाच वेळ लागतो. क्रमिक पुस्तक म्हणून मात्र ही घेऊ नका. ग्रंथालयात एक चांगली प्रत पुरे, शिक्षकानं त्यातून निवडून द्यावं.

दुसरी विनंती मोठी आहे, आणि खरं तर त्यासाठीच हे पत्र.

दरवर्षी २९ जूनला आपण सांख्यिकी दिन पाळतो, संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या जन्मदिवसाचा. व्हायलाच हवा. पण त्याच २९ जूनला, १९६६ साली, दामोदर धर्मानंद कोसंबी वारले, आणि ही तारीख गोव्यातल्या एकाही कॉलेजच्या कार्यक्रमपत्रिकेवर मी पाहिलेली नाही. सांकवाळच्या धर्मानंदांचा हा मुलगा १९०७ साली गोव्यात जन्मला. त्यांच्या नावानं आपलं सरकार विचार महोत्सव भरवतं, तिथे इतिहासकार कोसंबींबद्दल पुष्कळ ऐकू येतं. ते कोसंबी संख्याशास्त्रातून इतिहासात शिरले हे क्वचितच कुणी सांगतं. जनुकांमधलं अंतर काढण्याचं त्यांचं १९४४ चं सूत्र आजही जगभर त्यांच्याच नावानं वापरलं जातं. (ते प्रसिद्ध झालं ‘अ‍ॅनल्स ऑफ यूजेनिक्स’मध्ये. त्या काळी विषयाची दारं कुठे उघडत होती ते यावरून दिसावं.)

पण पहिल्या वर्षाच्या मुलाला द्यावं ते त्यांचं नाण्यांचं काम. प्राचीन आहत नाणी, चांदीची, ठसे मारलेली. कोसंबींनी ती तोलली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, म्हणून जास्त फिरलेल्या गटाची सरासरी वजनं उतरतात आणि वजनांमधली तफावत वाढते. नाण्याच्या मागच्या बाजूला पडलेल्या बारीक खुणा जितक्या जास्त, तितकं सरासरी वजन कमी, हे त्यांनी दाखवलं. झीज खरंच अशी होते का हे बघायला त्यांनी स्वतःच्या काळातली चलनातली नाणीसुद्धा तोलली. सरासरी, प्रमाण विचलन, सहसंबंध, पहिल्या सत्राचा सगळा अभ्यासक्रम यात आहे, आणि तो कशासाठी शिकायचा याचं उत्तरही. १९४० साली ‘करंट सायन्स’मध्ये आलेला त्यांचा लेख यावरच आहे.

आता कायद्याचं गणित परत मांडा. १९६६ च्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं मोजली की १ जानेवारी २०२७ येतो. त्या दिवसापासून कोसंबींचे त्यांच्या हयातीत छापलेले लेख भारतात कुणालाही छापता येतील. कुणालाही, म्हणजे स्कॅन उतरवून सोनेरी बांधणी करणाऱ्यालाही. तो ते करणारच. त्याच्याआधी आपण का करू नये? त्यांचे निवडक सांख्यिकी लेख, आकडे नव्यानं जुळवून तपासलेले, जुन्या संज्ञांवर टिपा, मराठीतून प्रस्तावना आणि प्रत्येक लेखामागे विद्यार्थ्यांसाठी अभ्यास. चार कॉलेजांच्या समित्यांनी खरेदीच्या रकमेतला थोडा वाटा काढला आणि पाटोच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयानं जुने अंक मिळवून द्यायला मदत केली, तर हे गोव्यात होण्यासारखं आहे. १८३२ पासून पुस्तकं सांभाळणाऱ्या ग्रंथालयाला हे काम शोभेल.

अभ्यासाचा एक नमुना मीच देऊन ठेवतो. देवळाच्या फंडपेटीतली किंवा बसच्या कंडक्टरकडची पाच रुपयांची शंभर नाणी घ्या आणि सोनाराच्या काट्यावर एकेक तोला. जुनी जाड नाणी ९ ग्रॅमच्या आसपास भरतील, २००७ पासूनची हलकी ६ ग्रॅमच्या. दोन्ही निम्मी निम्मी असली तर सरासरी येईल साडेसात ग्रॅम, आणि साडेसात ग्रॅमचं एकही नाणं त्या ढिगात सापडणार नाही. मुलांना सांगा, आलेख काढा आणि मग सरासरीबद्दल काय वाटतं ते लिहा. त्यानंतर दोन्ही गट वेगळे करा, नाण्यावर छापलेलं वर्ष बघा, आणि जुन्या वर्षाची नाणी खरंच हलकी भरतात का ते तपासा. कोसंबींनी जे केलं तेच, फक्त खिशातल्या नाण्यांवर.

लेख निवडायचे, आकडे जुळवायचे, प्रुफं तीन-तीनदा वाचायची, हे सगळं डिसेंबरात सुरू करून जानेवारीत होत नाही. समितीच्या येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा एक मुद्दा घाला आणि संपादनाला दोन शिक्षक नेमा, एक संख्याशास्त्राचा, एक इतिहासाचा. कोष्टकांची प्रुफं माझ्याकडे पाठवलीत तर मी ती विनामूल्य तपासून देईन.

आपला नम्र,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक,
फोंडा, गोवा